विहिरीवर आली का

वर्ध्याच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चपराश्यानं नाव पुकारलं, "वच्छला. वच्छला आली आहे का?" आणि कुंताबाईंचा पायरीवर टाकलेला पाय तिथंच अडकला. मागून येणाऱ्या बाईचा धक्का लागला, ती काहीतरी पुटपुटत पुढं गेली, तरी कुंताबाई हलल्या नाहीत. तसं पाहिलं तर त्या नावात काय होतं. त्या काळात दर दोन-चार घरांआड एक वच्छला असायची. पण नऊ वर्षांत हे नाव असं मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखं, त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. नाव पुकारल्यावर कोणी उठतं की नाही याचा जो एक क्षण जातो, तेवढ्यात त्यांना घाम फुटला. नोव्हेंबरची सकाळ, पहिल्या एस.टी.नं आर्वीहून निघालेल्या, अंगावर शाल, आणि पाठीवरून घामाची धार. कोणी उठणार नाही, असं आतून पक्कं वाटलं. चपराशी आणखी एक हाक मारील, मग पुढचं नाव घेईल, आणि त्याच्या हातातली कागदांची थप्पी एका कागदानं हलकी होईल. एवढंच. मग बाकाच्या टोकाला एक पोरगी उठली. वीस-एकवीस वर्षांची, हिरव्या चौकड्याचं लुगडं, पोट पुढं आलेलं, एक हात कमरेवर. "आहो ना मी," ती चपराश्याला म्हणाली, "काऊन वरडून राह्यले? कान शाबूत हायेत माये." बाकावरच्या बाया हसल्या. कुंताबाईंनी दुसरा पाय पायरीवर घेतला.

बैठकीला अजून पाऊण तास होता. कुंताबाईंसारख्या जिल्ह्यातल्या नर्सबायांना आणि चार जुन्या दायांना त्या दिवशी वर्ध्याला बोलावलं होतं. बाळंतपणाची सेवा चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं, याची मोजमापं सगळ्यांनी मिळून पक्की करायची होती. तोवर बसायला म्हणून कुंताबाई त्या बाकावरच टेकल्या. वच्छला तपासून बाहेर आली आणि शेजारीच बसली. तिच्या हातात काही नव्हतं. "कार्ड कुठं आहे तुझं?" कुंताबाईंनी विचारलं. "आत ठेवते न ते. इथंच राह्यते." "काय सांगितलं डॉक्टरणीनं?" "काही नाई. पायावर सूज हाय म्हणे, मीठ कमी खाजो." मग तिनं स्वतःहूनच सांगितलं की नवरा छापखान्यात आहे, हे पहिलंच आहे, आणि पंधरा दिवसांनी भाऊ न्यायला येणार. "माहेर कुठलं?" "टेंभरी. आर्वीकडं. वांगे-सांभार लावते माया बाप, रूपराव माळी. तुमाले नाई ठाऊक असन." कुंताबाईंना ठाऊक होतं. टेंभरी त्यांच्याच हद्दीतली. रूपरावांच्या वांगी-कोथिंबिरीच्या मळ्यावरून त्या आठवड्यातून दोनदा सायकल हातात धरून जात. त्यांनी पोरीच्या पायाकडं पाहिलं. जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. न राहवून त्यांनी अंगठ्यानं तिच्या नडगीवर दाबलं. अंगठा काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला, भिजल्या मातीत राहतो तसा. पोरीला त्याची गंमत वाटली. "पाहा व बाई, कणीक मळल्यावानी झालो मी," ती म्हणाली. कुंताबाईंना हसू आलं नाही. तो खळगा त्यांच्या ओळखीचा होता.

बोरगव्हाणला असताना, चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात, अशाच एका वच्छलेच्या पायावर त्यांनी असाच अंगठा दाबला होता. कुंताबाई तेव्हा पंचविशीच्या, नोकरीचं दुसरं वर्ष, पांढऱ्या पातळाच्या निऱ्या रोज इस्त्री केल्यासारख्या दिसाव्यात म्हणून उशाखाली घडी घालून झोपणाऱ्या. त्या वच्छलेची सगळीच तऱ्हा निराळी होती. बोलायची नाही. आनंदाबाई म्हणून तिची सासू, तीच सगळं सांगायची आणि ही नुसती मान हलवायची. तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन कुंताबाईंनी स्पिरिटच्या दिव्यावर तापवली तेव्हा नळीत वरच्या बाजूला पांढरा ढग जमला. ते पाहून मात्र वच्छला बोलली होती. "दुधावानी दिसते," एवढंच. तो तिचा आवाज. कुंताबाईंनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: सूज, लघवीत दोष, दर आठवड्याला पाहणे. पुढच्या आठवड्याला गेल्या तर ती माहेरी गेली होती. कारंज्याच्याही पलीकडं, ट्रका जातात त्या सडकेवरून आत चार कोस. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर रिवाजच. त्यात कोणाचं काय चुकलं. कुंताबाईंनी तिच्या नावापुढं लिहिलं, "माहेरी गेली," आणि पुढचे सगळे रकाने आडवी रेघ मारून बंद केले. सगळ्याच नर्सा तसं करायच्या. तशीच शिकवण होती. ज्या गावात बाळंतपण होईल त्या गावच्या बाईनं नोंद करावी. तिकडची नर्स काय करायची, तर सासरी नोंद झालेली आहे म्हणून हिला "बाहेरची" म्हणायची आणि वहीत घ्यायचीच नाही. त्या पांढऱ्या ढगाची गोष्ट कुंताबाईंच्या कपाटात राहिली, कुलपात, आणि वच्छला तिकडं चाळीस मैलांवर मेथीची भाजी आणि मिठाची भाकरी खात राहिली. इकडं कोणी विचारलं नाही, तिकडं कोणाला ठाऊक नव्हतं. असं कितीदा तरी झालं असेल. कुंताबाईंना त्या दिवसांत त्याचा विचारही शिवला नव्हता, हे त्यांना सगळ्यात जास्त टोचायचं.

सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, पण देवकाबाई दाई भिंतीला टेकून खालीच बसल्या होत्या. बोरगव्हाणच्या बाजूच्याच गावच्या त्या. सत्तरीच्या, तोंडात तंबाखू, कानात जड बुगड्या. कुंताबाईंना पाहून त्यांनी शेजारची फरशी पदरानं पुसली. "ये व कुंते. म्हातारी झालीस." "तुम्ही नाही झालात का देवकामाय?" "मी होतोच म्हातारी. तू नवीन झाली." समोर फळा होता आणि फळ्याजवळ जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी मधुकरराव साहेब. सगळा जिल्हा त्यांना मधुकररावच म्हणायचा, आडनाव कोणी घेत नसे. केस पांढरे झाले होते, पण शर्टाच्या खिशात दोन पेनं अजून तशीच. माणूस कामाचा. रात्रीबेरात्री जीपमधून बाळंतिणी नेलेला. त्यांनी फळ्यावर चार ओळी आधीच लिहून ठेवल्या होत्या. गावातल्या किती गरोदर बायांची नोंद झाली. किती जणींना धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. किती बाळंतपणं शिकलेल्या हातानं झाली. केंद्राच्या हद्दीत किती मृत्यू झाले. "एवढी चार मोजमापं सगळ्या जिल्ह्यात सारखी असली," ते म्हणाले, "म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते कळेल. आता बोला. आज सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हे वर पाठवणार नाही." पुलगावच्या शकुबाईंनी, ज्यांना कोणाचीच भीड नव्हती, लगेच तोंड उघडलं. "साहेब, नोंदीचं म्हणाल तर मी घरी बसून शंभर नोंदी करून देतो. अंगण सारवता सारवता." हशा झाला. मधुकररावही हसले. मग वादावादी सुरू झाली, इंजेक्शन दोन की एक, शिकलेला हात कोणता, दाईनं नाळ उकळलेल्या पात्यानं कापली तर तो हात शिकलेला धरायचा की नाही. कुंताबाई ऐकत होत्या आणि ऐकत नव्हत्या. त्यांची नजर चौथ्या ओळीवर होती. केंद्राच्या हद्दीत. ती हद्द त्यांना दिसत होती, गावाच्या वेशीवरची, आणि त्या वेशीतून बाहेर पडणारी बैलगाडी, गाडीत गोधडीवर बसलेली वच्छला, मान हलवणारी.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांना कळशी मिळाली होती. स्टीलची, झगझगीत, गळ्यापाशी कोरलेलं: उत्कृष्ट सेवा, बोरगव्हाण केंद्र, १९७४-७५. सबंध वर्षात त्या केंद्रात एकही माता दगावली नव्हती. मधुकररावांनी स्वतःच्या हातानं दिली, आणि टाळ्या वाजल्या, आणि कुंताबाईंच्या आईनं ती कळशी मांडीवर घेऊन एस.टी.त तीन तास प्रवास केला, वाटेत दोघी-चौघींना दाखवली. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांतलीच गोष्ट. दुपारचं ऊन, केंद्राचं दार लोटलेलं, आणि आनंदाबाई दारात उभ्या. काखेत सहा-सात महिन्यांचं लेकरू. दुधाची भुकटी मागायला आल्या होत्या. कुंताबाईंनी लेकराच्या गालाला हात लावून सहज विचारलं, "आई कुठं आहे याची? वच्छला नाही आली?" आनंदाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं एखाद्यानं आपल्याच घराचा रस्ता विचारावा. "तुमाले नाई ठाऊक?" त्या म्हणाल्या. "दिवाळीतच गेली ते. झटके आले. लेकरू झालं अन् ते गेली." मग लेकरू दुसऱ्या काखेत घेत, "मले वाटलं तुमच्या वहीत असन." त्या बाईनं त्यात काही दोष दिला नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की एवढी मोठी गोष्ट वहीत असेलच. कुंताबाईंनी भुकटीचा डबा दिला. ती गेल्यावर वही काढली. "माहेरी गेली." पुढं आडवी रेघ, पट्टीनं मारलेली, सरळ. कोपऱ्यात कळशी चमकत होती. त्या दिवसापासून त्यांनी ती कळशी पाण्याला लावली नाही. कोरलेली बाजू भिंतीकडं करून तीत तूरडाळ भरून ठेवली. बदली झाली तेव्हा डाळीसकट नेली. कोणाला सांगितलं नाही. सांगून कोणाचं काय भलं होणार होतं, आणि सांगितलं असतं तर नोकरीचं काय झालं असतं. नवरा लवकर गेलेला, म्हातारी आई हाताशी. असं त्यांनी नऊ वर्षं स्वतःला समजावलं. पण डाळ काढायला हात आत घातला की कोरलेली अक्षरं आतल्या बाजूनं बोटांना किंचित लागतात असा त्यांना भास व्हायचा.

"तर मग चारही मंजूर?" मधुकररावांनी खडू खाली ठेवला. हात झाडले. बाया पिशव्या आवरू लागल्या. चहा आल्याचा वास येत होता. कुंताबाईंना व्हरांड्यातला तो खळगा आठवला, दाबल्यावर भरून न येणारा. पंधरा दिवसांनी भाऊ येणार. कार्ड इथंच राहणार. इथं लिहितील, माहेरी गेली. आणि मी सायकल धरून रूपरावांच्या मळ्यावरून जाईन, आणि ती माझ्या हद्दीतली नसेल. आपण उभ्या आहोत हे त्यांना आपल्या सावलीवरून कळलं. "साहेब, चौथं मंजूर नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक आला. मागच्या बायांनी "काय म्हणाल्या?" केलं. मधुकररावांनी कौतुकानंच त्यांच्याकडं पाहिलं. "कुंताबाई, चौथ्याला तुम्ही भिता? तुमच्या केंद्रात तर शून्य होता. कळशी मीच दिली होती." आता सगळ्यांच्या माना वळल्या. "तो शून्य खोटा होता साहेब," कुंताबाई म्हणाल्या.

चहावाला ट्रे घेऊन दारातच थांबला. मधुकररावांचा चेहरा आधी न समजल्यासारखा झाला, मग ताठ झाला. "म्हणजे नोंद खोटी केलीत? काय बोलता आहात ते कळतंय ना? हे कागदावर गेलं तर चौकशी लागेल." "नोंद खरी होती. मी लिहिलं, माहेरी गेली. आणि ती गेली होती." कुंताबाईंना वाटलं होतं की इथं आपला आवाज फुटेल, पण तो उलट स्थिर झाला. नऊ वर्षं मनात घोळलेली वाक्यं, ती आपोआप एकामागून एक येत गेली. तिची सूज, नळीतला ढग, कुलपातली वही, दिवाळीतले झटके, आनंदाबाईंचं बोलणं. "ती माझ्या हद्दीत मेली नाही म्हणून मला कळशी मिळाली. ती ज्यांच्या हद्दीत मेली, त्यांच्या वहीत तिचं नावच नव्हतं. म्हणजे साहेब, सरकारच्या हिशेबानं ती अजून माहेरीच आहे. आज नऊ वर्षं झाली, बाळंत व्हायची आहे." कोणीतरी पदर तोंडाला लावला. मधुकरराव काही म्हणणार तेवढ्यात मागून शकुबाईंचा आवाज आला, नेहमीचा चढा नव्हता तो. "माझ्याकडं तीन आहेत." मग कोपऱ्यातली एक चष्मेवाली नर्स म्हणाली, "माझ्याकडं एक. नक्की एक. दुसरीचं मी विचारलंच नाही कधी." आणि मग फुटलेल्या बांधासारखं झालं. जिनं तिनं आपापली सांगायला सुरुवात केली. नावं येत होती, नुसती नावं, गावांची आणि बायांची. देवळीकडची, सेलूची, समुद्रपुराची. आणि कुंताबाई उभ्याच होत्या, आणि त्यांना आश्चर्य वाटत होतं की इतकी वर्षं आपण जे एकटीनं वाहत होतो ते प्रत्येकीच्या कपाटात होतं.

मधुकररावांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "मान्य. पण मला एक सांगा. माहेरी मेलेली बाई कोणाच्या केंद्राच्या नावावर लिहायची? डाग कोणाला?" हाच खरा प्रश्न होता. कारण डाग म्हटल्यावर कोण आपल्याकडं घेणार. "सासरच्या," एक म्हणाली. "का बरं, तपासायला तर माहेरी होती," दुसरी. "अर्धी-अर्धी वाटून घ्या मंग," देवकाबाई खालून म्हणाल्या. "धड तुमी न्या, डोस्कं आमाले द्या." कोणी हसलं नाही. म्हातारी उठली, गुडघ्यावर हात ठेवत, फळ्याजवळ गेली. तिला वाचता येत नव्हतं, तरी चार ओळींकडं नीट पाहून घेतलं. "साहेब, तुमी मेली का मेली का विचारून राह्यले. मेलेलीचं कोण सांगते? लपवतेच माणूस. जितीचं विचारा ना. मी दाई हावो पन्नास वर्षं. मले कोणी वही देल्ली नाई. मी एकच पाह्यतो. सव्वा महिना झाला का बाई विहिरीवर येते. हळदकुंकू वाह्यते, पयली घागर आपल्या हातानं भरते, आपल्या पायानं घरी नेते. आली, म्हणजे माया काम झालं. नाई आली, तं मी तिच्या घरी जातो, काऊन नाई आली म्हणून. ताप असन, अंगावर जात असन, दूध नसन, नाई तं..." तिनं हात उपडा केला. "सासरी होवो का माहेरी. विहीर दोनीकडं रायते."

मधुकररावांनी खडू उचलला. चौथी ओळ त्यांनी डस्टरनं पुसली नाही, तळहातानं पुसली, आणि तळहात पांढरा झालेला तसाच ठेवून लिहायला लागले, मग थांबले. "सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस होतात. पुस्तकात बेचाळीस आहेत." "चार दिवस उशिरा जाऊ विहिरीवर," शकुबाई म्हणाल्या, "सासू काय खाते का." आणि आता मात्र सगळ्या हसल्या, मधुकररावसुद्धा. पुढचं सगळं आपोआप ठरत गेलं, जणू वाट पाहतच होतं. गरोदर बाईचं कार्ड दवाखान्यात राहणार नाही, तिच्या हातात राहणार. माहेरी जाताना ती ते घेऊन जाणार. माहेरच्या नर्सनं तिला बाहेरची म्हणायचं नाही. आणि बेचाळीसाव्या दिवशी माहेरच्या नर्सनं सासरच्या नर्सला एक पोस्टकार्ड टाकायचं, बाई हिंडती-फिरती आहे की नाही एवढंच. ते कार्ड येईपर्यंत सासरच्या वहीत तिच्या नावापुढं रेघ मारायची नाही. शंभरातल्या किती जणींचं पत्र आलं, हेच मोजमाप. "आणि डाग?" चष्मेवालीनं हळूच विचारलं. कुंताबाई म्हणाल्या, "दोन्ही वह्यांत लिहायची. दोघींनी मिळून शोधायचं, कुठं हुकलं. पहिलं नाव माझं लिहा साहेब. वच्छला, बोरगव्हाण, चौऱ्याहत्तर." मधुकररावांनी हातातला खडू फिरवला. "डाग हा शब्द कागदावर येणार नाही," ते म्हणाले. "चौकशीही लागणार नाही. लावायची तर आधी माझ्यावर लावावी लागेल, कळशी मी दिली." मग फळ्याकडं वळून, मोठ्या अक्षरात, सरकारी भाषेत चौथी ओळ लिहिली. लिहून झाल्यावर सवयीनं विचारलं, "सगळ्यांना मंजूर?" हात वर झाले. कुंताबाईंनी मोजले नाहीत, पण एकही खाली नव्हता. देवकाबाईंनी तर दोन्ही वर केले होते.

चहा न घेताच कुंताबाई व्हरांड्यात धावल्या. पस्तिशीला टेकलेली बाई धावते कशी हे चपराश्यानं पाहून घेतलं. पोरगी बाकावर नव्हती. फाटकाबाहेर बोरं विकत घेत उभी होती. "चल, तुझं कार्ड घेऊन येऊ," कुंताबाई म्हणाल्या. "त्ये देत नाई न ते." "देतात आता." आतल्या कारकुनानं कुरकूर केली, कायद्याचं काहीतरी बोलला. कुंताबाई म्हणाल्या, "जा, फळा पाहून या." त्यांच्या मागं शकुबाई उभ्या होत्या, हातात चहाचा कप, पाहत. कारकुनानं कार्ड दिलं. पोरीनं ते उलटसुलट पाहिलं आणि चोळीत खोवायला लागली. "तिथं नको, घामानं शाई जाईल. पिशवीत ठेव. आणि टेंभरीला आलीस की पहिल्या दिवशी मला दाखवायचं. मी तिकडचीच नर्स आहे." पोरीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ते सायकलवाली बाई तुमीच? जे चालवत नाई, नुसती धरून चालते?" "हो, मीच ती," कुंताबाई म्हणाल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना वच्छला या नावाच्या बाईशी बोलताना हसू आलं.

ती आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या. कार्डावर वर्ध्याच्या डॉक्टरणीनं लिहिलं होतं, सूज, थोडी, लघवी साफ. कुंताबाईंनी नळी तापवली. ढग जमला. लघवी साफ असं कार्डावर होतं म्हणून हा दोष नवा आहे हे त्यांना कळलं. नाही तर एका दिवसाच्या नळीवरून काय कळणार. त्याच दुपारी रूपरावांच्या भाजीच्या गाडीत, वांग्यांच्या पोत्यांवर गोधडी टाकून, आर्वीला. रूपराव आधी तयार नव्हते. "नर्सबाई, लेकीले बोलावलं ते घरी ठेवाले. दवाखान्यात न्यायचं तं वर्धा काय वाईट होतं? लोक काय म्हणतीन?" "लोकांना काय सांगायचं ते मी पाहते. वांगी काढा तेवढी." वांगी काढली नाहीत, पण गाडी जुंपली. आर्वीत अकरा दिवस पडून राहावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहूनच औषध बदललं. बाराव्या दिवशी बाळंत झाली. मुलगी. झटके आले नाहीत. कुंताबाई त्या सबंध दिवसात दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभ्या होत्या, आणि झाल्याचं कळल्यावर त्यांनी काय केलं, तर एस.टी. डेपोपाशी जाऊन दोन कप चहा घेतला, एकापाठोपाठ एक, आणि चहावाल्यानं विचारलं तेव्हा उगीचच सांगितलं, "मुलगी झाली." तो म्हणाला, "तुमची नात काय?" त्या नाही म्हणाल्या नाहीत.

फेब्रुवारीचे पहिले दिवस. टेंभरीच्या विहिरीवर उन्हं कोवळी होती, हरभरा घाटे धरत होता. बाया आधीच जमल्या होत्या, कोणाच्या हातात सूप, कोणाकडं हळदकुंकवाची कोयरी. वच्छलेची आई घरून तांब्याची घागर घेऊन आली, आणि कुंताबाईंनी ती मधेच अडवली. "जड आहे ही. ओल्या बाळंतिणीला कशाला?" आणि पिशवीतून कळशी काढली. सकाळीच त्यांनी तिच्यातली डाळ डब्यात ओतली होती आणि राखेनं घासली होती. कोरलेली अक्षरं उन्हात लखलखत होती. "एवढी नवीकोरी?" वच्छलेची आई म्हणाली. "नवी नाही. वापरली नव्हती." वच्छलेनं विहिरीला कुंकू वाहिलं, पाच जागी, बोटानं. मग पोहरा सोडला. तिला ओढायला लावू नका, असं दोघी-तिघी म्हणाल्या, पण तिनं दोर सोडला नाही. हात एकावर एक पडत होते. पाण्याचा आवाज आला, मग रहाटाचा, मग पाणी कळशीत पडल्याचा, रिकाम्या भांड्याचा तो भरत जाणारा आवाज, आधी पोकळ, मग दाट, मग काठाशी येऊन गप्प. वच्छलेनं कळशी कमरेवर घेतली. एकदा झोक गेला, सावरली. पायाकडं कुंताबाईंची नजर गेली. जोडव्यांच्या बाजूला कातडी सुरकुतली होती, सूज उतरल्यावर सुरकुतते तशी. ती चालू लागली, बायांच्या पुढं, आणि मागं आजीच्या हातात लेक रडत होती, सगळ्यांचे कान भरून टाकत. "वच्छले, हळू," कोणी म्हणालं. ती वळली नाही.

कुंताबाई विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या. पिशवीतून पोस्टकार्ड आणि पेन काढलं, मांडीवर वही ठेवली. वर्ध्याच्या दवाखान्याचा पत्ता आधीच लिहून आणला होता. मजकुराला सरकारी नमुना ठरला होता, माता हिंडती-फिरती, होय किंवा नाही. तो त्यांना चांगला पाठ होता. त्यांनी लिहिलं: वच्छला विहिरीवर आली. पहिली कळशी स्वतः भरली आणि स्वतः घरी नेली. मग खाली जागा उरली होती म्हणून त्यांनी अजून एक ओळ घातली, की ही कळशी यापुढं टेंभरीच्या विहिरीवरच राहील, जी बाळंतीण येईल तिनं पहिलं पाणी हिच्यात न्यावं. सही केली. तारीख घातली. आणि दुसरं पोस्टकार्ड काढून त्यावर बोरगव्हाण, आनंदाबाई, असा पत्ता लिहायला घेतला. ते लेकरू आता नऊ वर्षांचं झालं असेल, त्याला वाचता येत असेल. त्याच्या आईचं नाव आता दोन वह्यांत लिहिलेलं आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.